रानडुकराचा पोचा

अर्धापूर, ८ डिसेंबर २०२४

चि. सरजास सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

पाव्हण्यांचा दमा कसा आहे? तुझा गुडघा काय म्हणतो? विशाखाच्या पायावरची सूज उतरली का? दिवस भरत आलेल्या सुनेला पाणी भरायला लावू नकोस बाई, सासूपणा नंतर कर.

तुझा प्रीतम पिकअप माझ्या अंगणात लावून गेला. पहाटे निलंग्याहून निघाला आणि रानडुक्कर आडवं आलं म्हणे. गॅरेजला नको, मामा, तुमच्याच हातचं काम पाहिजे, म्हणाला. म्हातारा चढला हरभऱ्याच्या झाडावर! पोचा आतून ठोकून काढला, लांबीचा लगदा भरून खड्डा बुजवला, घासून गालासारखा गुळगुळीत केला. पांढरा जाऊन आकाशी रंग पाहिजे, गाडी ओळखू येऊ नये, अशी प्रीतमसाहेबांची फर्माइश. उद्या बंपर खोलतो.

तुझा दादा, साहेबराव

अर्धापूर, ९ डिसेंबर

सरजा, जयभीम.

फोन मुद्दाम केला नाही. तुमच्याकडं फोन सगळ्यांच्यात वाजतो.

बंपर खोलला. जाळीमागं चुंबळ अडकली होती, लुगड्याच्या चिंधीची. ऊसतोडीच्या बाया मोळीखाली डोक्यावर ठेवतात तसली. तिला केस चिकटलेले. बाई, रानडुक्कर डोक्यावर मोळी वाहत नाही. प्रीतमला विचार. काम थांबवलंय.

साहेबराव

निलंगा, १४ डिसेंबर

ती. दादास सरजाचा जयभीम.

विचारलं. आधी माझ्यावरच वसकला, मग मांडीवर डोकं ठेवून रडला. अंधार व्हता म्हणतो. भ्याला, थांबला न्हाई. पेपरात आलंय, बाईचं नाव गुरम्मा. लातूरच्या दवाखान्यात हाय, शुद्ध न्हाई. कोणाची गाडी, कुणालाच ठाव न्हाई.

दादा, लेकरू जन्माला यायचंय, अन् बाप तुरुंगात? झाकली मूठ राहू दे. ती चिंधी चुलीत घाल. रंग मारून टाक. तुझ्या पाया पडते. एवढं एक ऐक, मग जन्मात काही मागणार न्हाई.

तुझी सरजा

अर्धापूर, १८ डिसेंबर

चि. सरजास जयभीम.

लातूरला जाऊन आलो. गुरम्मा गेली. तिची सासू दवाखान्याच्या पायरीवर बसली होती, अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलत. मला दवाखान्यातलाच माणूस समजली. गाडीवाल्यानं तवाच उचलून आणली असती तर वाचली असती का, असं तिनं विचारलं. बाई माझ्याकडं बघत राहिली, मग आपणच म्हणाली, जाऊ द्या, तुम्ही तरी काय सांगणार.

घरी आलो आणि लांबी खरवडून काढली. ठोकून सरळ केलेला पत्रा परत तसा होत नाही, तेवढं पाप माझ्या हातून झालं. चिंधी जपून ठेवलीय. रंग देणार नाही.

प्रीतमला पाठव. ठाण्यात मी त्याच्यासंगं जातो, पुढं तारखांनाही जाईन. विशाखाचं बाळंतपण माझ्या घरी करू. तो म्हणेल मामा उलटला. म्हणू दे. ३० तारखेच्या सोमवारपर्यंत वाट बघतो, मग गाडी मी एकटा घेऊन जाईन.

तू रागावशील. राखी तोडलीस तरी मी तुझा भाऊच राहीन. लोभ ठेव, एवढंच मागणं. पत्र लवकर टाक, सोमवारच्या आत पोचेल असं. प्रीतमच आला तर पत्र नको.

तुझा दादा,
साहेबराव