डाव्या हाताने केलेला आर्म

बाबा,

तुम्हाला गाढ झोप लागली होती, म्हणून न उठवताच शर्यतीला निघाले. चहा थर्मासमध्ये आहे, पण गोळी आधी घ्या.

एक गोष्ट तुम्हाला न विचारता केली. आजारपणात उजवा हात लुळा पडल्यावर तुम्ही डाव्या हाताने कानस चालवून माझ्या रिमोटच्या गाडीसाठी पुढचं चाक धरून ठेवणारा आर्म केलात आणि ‘वाकडा झालाय’ म्हणून भंगारात टाकलात. तो मी उचलून ठेवला होता. काल सरावात विकतचा आर्म पहिल्याच उडीला तुटला, तेव्हा तुमचा बसवला. नंतर पात्रता फेरीत गाडी दोनदा उलटली, कठड्यावर आदळली, तरी तो जरासुद्धा वाकला नाही. आपण अंतिम फेरीत आहोत. रात्रीच सांगितलं असतं, तर तुम्ही तो काढायला लावला असता.

सगळे विचारत होते, “हा कुठून मागवलास?”

“आमच्या बाबांनी घरी केलाय,” म्हटलं, तर कुणाला खरंच वाटेना.

दुपारी काका न्यायला येतील. निळा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवलाय. बटणं काकांकडून लावून घ्या. लोक हाताकडे बघतील म्हणून घरी बसू नका. बघू देत. आज मला तुम्हाला मिरवायचंय.

तुमची भिंगरी