सोडलेला चेंडू

बोका चिका, १४ ऑगस्ट

प्रिय फर्मीनदादा,

तुझा गुडघा आता बरा असेल. वहिनीने पाठवलेली कसाव्याच्या कंदाची भाकरी पोचली; अर्धी तुझ्या विल्किननेच संपवली. पोराची भूक शाबूत आहे, एवढं आधी सांगते.

"त्याला घरी पाठव, माझ्या हाताखाली गवंडीकाम आहे," असं तू म्हणालास आणि मी फोनच ठेवला. रागावू नकोस. त्याला इथल्या बेसबॉल अकादमीत ठेवायचं की काढायचं, तो अहवाल मलाच लिहायचा होता. तो अडतीस वेळा बॅट घेऊन उभा राहिला, एकही फटका लागला नव्हता. संचालक म्हणाले, "नेरेइदाबाई, आणखी काय बघायचं राहिलंय?"

काल शेवटचा सामना. दोन्ही संघ बरोबरीत, तिन्ही बेस भरलेले आणि बॅट तुझ्या मुलाच्या हातात. कुंपणापाशी लोक ओरडत होते, "फिरव रे! बॅट काय काखेत मिरवायला आणलीस?" पहिले दोन हुकले. मग तो एकेक वाईट चेंडू सोडत गेला; असे चार सोडले की पहिला बेस फुकट मिळतो. चौथा अगदी शेवटी गुडघ्याखाली वळला. तोही सोडला. बॅट खाली ठेवली आणि शांतपणे पहिल्या बेसवर चालत गेला. पुढचे तिघे एकेक बेस सरकले, धाव आत आली, सामना जिंकला. टाळ्या फक्त मी वाजवल्या, दादा. हात लाल होईपर्यंत.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते. तो पंधरा वर्षांचा असताना निवड करणारे आले, तेव्हा मीच त्याच्या कानात म्हटलं होतं, "येईल त्यावर फिरव. चेंडू सोडणाऱ्या पोराला इथे कुणी घेत नाही." त्यावरच तो निवडला गेला. आणि इथल्या चेंडू फेकणाऱ्यांनी त्याची ती खोड दोन आठवड्यांत ओळखली. मी लावलेली सवय त्याने एकट्याने मोडली, मला एका शब्दाने न दुखवता.

अहवालात मी लिहिलं, ठेवावा. त्याखाली लिहिलं, हा माझा भाचा आहे, दुसऱ्यालाही विचारावं. तेही मी आजवर लपवलं होतं. संचालकांनी बॅटिंग शिकवणाऱ्या म्हाताऱ्या एलिहिओला विचारलं. तो म्हणाला, "फटका मी शिकवीन. ही नजर मला शिकवता येत नाही."

पोरगा राहतोय, दादा. गवंडीकामाला दुसरं कुणीतरी शोध.

रविवारी येशील तेव्हा माझ्यावर हवं तेवढं ओरड, पण त्याच्यासमोर नको. माझ्या त्या सल्ल्याचा दोष त्याने अजून मला दिलेला नाही.

तुझी, आणि आता उघडपणे त्याची आत्या,
नेरेइदा