फेरट्रेटुंगच्या रकान्यात तुझं नाव

प्रिय मंद्या,

आज ऑफिसात उन्हाळ्याच्या सुट्टीचा अर्ज भरायला बसलो आणि समोर तूच आलास, म्हणून लिहितोय. फेरट्रेटुंगचा रकाना आठवतो ना? आपण नसताना आपलं काम कोण बघणार, त्याचं नाव. मी काही टाइप करायच्या आत सिस्टिमने जुनंच नाव भरलं, तुझं. खाली लाल अक्षरांत आलं, ही व्यक्ती उपलब्ध नाही. मला हसूच आलं. तू जिवंत असतानाही ऑगस्टमध्ये कधी उपलब्ध नसायचास.

खरं सांगू? मी कायम तुझ्यावर जळत आलो. जर्मनीत शिकायला आलो, कायझर्सलाउटर्नच्या होस्टेलवर आपलं किचन एक, परीक्षा एक. तू आदल्या रविवारी सायकल काढून जंगलात जायचास आणि मार्क मात्र माझ्याहून जास्त. पुढे उंटरश्लाइसहाइमच्या कंपनीत एकाच टीममध्ये लागलो, तर तिथेही तेच. दर ऑगस्टला सलग तीन आठवडे तुझा फोन बंद आणि तुझं काम माझ्या गळ्यात. तू काळाकुळकुळीत होऊन परत यायचास, आणि बॉस तुझ्या रंगाचं कौतुक करत बसायचा.

माझी सुट्टी म्हणजे पुणं. दोन आठवड्यांत एक लग्न, बँक, दाताचा डॉक्टर, झाडून सगळ्या मावश्यांकडे चॉकलेटं, आणि आईच्या डायनिंग टेबलवर उघडा लॅपटॉप. तू म्हणालास, "निल्या, ही सुट्टी नाही रे, बिझनेस ट्रिप आहे. फक्त जेवण बरं मिळतं." मी टोमणा मारला, तुला आईची आठवण येत नाही वाटतं. "आईकडे डिसेंबरात जातो. ऑगस्ट माझा." मला किती झोंबलं होतं ते!

गेल्या उन्हाळ्यात तू म्हणालास, दोन्ही घरं मिळून कीमझेच्या तळ्यावर जाऊ. अश्विनीने आणि सईने बॅगा भरल्या, आणि मी आदल्या दिवशी माघार घेतली. सॉफ्टवेअरचं रिलीज होतं ना. मी गेलो तर काम कोण बघणार? तू म्हणालास, "कोणीतरी बघेल. नाहीतर नाही बघणार." आणि माझ्या बायकोला, माझ्या लेकीला तुमच्या गाडीत बसवून घेऊन गेलास.

तिथे तू सईला पोहायला शिकवलंस. तिला समुद्रघोड्याचा बिल्ला मिळाला, इथल्या पोरांचा पोहण्यातला पहिला. तू फोटो पाठवलास तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. ओलीचिंब सई तुझ्या खांद्यावर बसलेली. मी अंगठा पाठवला आणि फोन पालथा ठेवला. राग आला होता मला. माझ्या मुलीचा पहिला बिल्ला, आणि फोटोत तू? संध्याकाळी तिला फोनवर विचारलं, बाबाची आठवण येते का? ती जर्मनमध्येच म्हणाली, "मंदारकाका कधीच घड्याळ बघत नाही."

परत आल्यावर मी तुला साधं थँक्यूही म्हटलं नाही. उलट तू नसताना काय काय अडलं, त्याची तीन पानी यादी तुझ्या टेबलावर ठेवली. तू ती वाचलीस, "गेनाऊ, अगदी बरोबर" म्हणालास आणि माझ्यासाठी कॉफी घेऊन आलास. असा कसा रे तू? भांडायचंस तरी.

नोव्हेंबरात तुझ्या डोक्यातली नस फुटली. मला वाटायचं, असं काही झालंच तर माझं होईल. तू तर पोटभर विश्रांती घेतलेला माणूस. तुझं काम चौथ्या दिवशी वाटून झालं. मीच वाटलं. कुठेही काही अडलं नाही, मंद्या.

आणि तरी मी जळतोच. तुझी बायको गौरी परवा म्हणाली, "आमचे उन्हाळे मात्र पूर्ण झाले." माझ्यामागे अश्विनी काय सांगेल? रिलीज वेळेवर झालं?

काल सईचा बिल्ला तिच्या स्विमसूटवर शिवून दिला, जरा वाकडाच. तिने विचारलं, "बाबा, तुला येतं पोहता?" मला येत नाही. तिला हे माहीतच नव्हतं. म्हणाली, मग मी शिकवते.

रकान्यातलं तुझं नाव पुसायला मला बराच वेळ लागला. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या नव्या मुलीचं घातलं. तिने विचारलं, "तीन आठवडे? सलग?" मी म्हटलं, "हो, सलग."

लॅपटॉप ऑफिसच्या कपाटात राहील आणि किल्ली तिच्याकडे. शब्द देतो तुला. या ऑगस्टला कीमझेच्या फोटोत सईच्या शेजारी मी असेन, नाकातोंडात पाणी गेलेला. इतकी वर्षं मला वाटायचं, मीच तुझी फेरट्रेटुंग करतोय. तळ्यावर तर तू माझी करत होतास.

तुझा, अजूनही थोडा जळणारा,
निल्या