अर्घ्याच्या कोपऱ्यातलं गवत

बाबा,

मी ऑफिसला निघाले. वरणभात ओट्यावर झाकून ठेवलाय, गरम करून घ्या.

शेजारच्या फ्राऊ केलर काल पुन्हा आल्या होत्या. बागेला पाणी घालायला बंदी असताना तुम्ही रोज सकाळी घालता, म्हणाल्या. ते सूर्याला अर्घ्य आहे, हे मी कोणत्या जर्मनमध्ये सांगू? करपलेल्या लॉनमध्ये तेवढाच तुकडा हिरवा आहे, तो त्यांना बरोब्बर दिसतो.

मयुरेशने हौसेने दुष्काळात तग धरणारं गवताचं बी आणलं. पिशवीवर लिहिलंय, रुजेपर्यंत रोज ओल हवी. आता बोला! मी मूठभर बी तुमच्या कोपऱ्यात टाकलंय. तांब्या तिथेच ओता. फ्राऊ केलरांचं मी बघते.

आणखी एक. तुमचा व्हिसा वाढवून देत नाहीत. मुलगा असून मयुरेशला तुमच्यासमोर हे बोलवत नाही, म्हणून मी सून लिहितेय. आई गेल्यापासून कुलूप असलेल्या घरात तुम्हाला एकटं पाठवायचं अगदी जिवावर आलंय. सगळीकडे विचारून झालं, बाबा.

तुम्ही जाईपर्यंत कोंब तरी दिसतील. पुढे ते जगवायचे कसे, मला कळत नाही.

तांब्या इथेच ठेवून जा.

ऊर्मिला