बोडीखालच्या बांधीची अट

मी भागीरथाबाई, योहान दुर्गे यांची विधवा, धंदा शेती, राहणार कोसंबी, तहसील गडचिरोली, जिल्हा चांदा. चालताना दम लागतो, पण डोके ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट सगळे नको नको म्हणतात. प्रभूला स्मरून हे मृत्युपत्र अर्जनवीस बाबूभाई यांच्याकडून लिहवून घेत आहे.

१. राहते घर, जाते आणि दोन्ही शेळ्या शेजारीण कमळा हिला द्याव्या. आजारपणात पेज तिने पाजली. चर्चच्या मंडळीतले लोक येऊन प्रार्थना तेवढी करून गेले.

२. पाळकसाहेबांना माझी काठी. कारण पुढे येईल.

३. चर्चच्या दाराशी, चपलांजवळ, ज्या पोत्यावर मला बसवत ते पोते मी जपून ठेवले आहे. ते पंचांच्या बाकावर अंथरावे.

४. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाण्यावर पिकणारे माझे बांधाचे शेत, धानाची बांधी. ती माझा धाकटा दीर लटारू, मंडळीचा पंच, याला हवी आहे हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे.

माझी म्हातारी आई मार्कंड्याच्या महादेवाच्या जत्रेत चुकली, म्हणून मी तिला शोधायला गेले होते. लटारूने भर उपासनेत उठून सांगितले, वहिनीने तिथे नारळ फोडला. न केलेल्या पापाचा पश्चात्ताप मी करीना, म्हणून मला पोत्यावर बसवले.

पुढे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, पंचांनी विधवांचे पाय धुतले. परात माझ्याच लग्नातली, चर्चने त्या दिवसापुरती मागून नेलेली. माझी पाळी आली, मी पाय पुढे केले. लटारू परात उचलून म्हणाला, "तुमचे पाय मार्कंड्याच्या पान्यानं धुतले हायेत, वहिनी. इथचं पानी कायले पाहिजे?" लोक हसले. पाळकसाहेब पुस्तकात बघत राहिले. काठी त्यासाठी, आता तरी समोर बघून चालावे.

तेव्हा अट अशी: माझे प्रेत उचलण्यापूर्वी लटारूने त्याच परातीत, साऱ्या गावासमोर गुडघे टेकून, बोटांच्या बेचक्यांसकट माझे पाय धुवावे. धुतले तर बांधी त्याची, नाहीतर कमळाची. पाळकसाहेब म्हणतात, नम्रता अशी लादता येत नाही, बाई. त्यांची नम्रता त्यांनी ठेवावी. मला त्याचे गुडघे जमिनीला लागलेले हवेत.

बाबूभाई सांगतात की मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून जो सही करतो, त्याला त्यातले काही मिळत नाही. म्हणून लटारूला सहीच्या वेळी घरात येऊ देऊ नये.

५. हे कलम मागाहून घातले आहे. बाबूभाई वरचा मजकूर वाचून दाखवत होते तेव्हा लटारू दारात येऊन उभा होता. त्याने कोपऱ्यातली तीच परात घेतली, रांजणातले पाणी ओतले आणि माझ्या खाटेशी गुडघे टेकले.

"आत्ता नाई, मेल्यावर," मी म्हणाले.

"मेल्यावर तुमाले कसं समजल, वहिनी? नारळाचं मी लबाड बोललो होतो." त्याने बेचक्यांसकट पाय धुतले, आपल्या दुपट्ट्याने पुसले आणि बाबूभाईंकडे लेखणी मागितली.

"लटारूभाऊ, साक्षीदार झाले त बांधी गेली," बाबूभाई म्हणाले.

"जाऊ द्या."

मी त्याला थांब म्हणाले नाही. माझा राग गेला असे कोणी समजू नये. पोते ठरल्याप्रमाणे अंथरावे, काठी द्यावी. बांधी कमळाला जाईल. सूड घ्यायला माझ्याजवळ ती एकच वस्तू होती, आणि त्याने ती घेतलीच नाही.

माझ्या प्रेताचे पाय पुन्हा धुऊ नयेत.

मुक्काम कोसंबी, तारीख ९ फेब्रुवारी १९५७

निशाणी डावा अंगठा: भागीरथाबाई योहान दुर्गे

साक्षीदार:
लटारू वारलू दुर्गे, सही
बाबूभाई शेख, अर्जनवीस, सही