व्हरांड्यातली पंगत

जालना, मार्च २००३

चि. अंकुश यास आईचा आशीर्वाद.

रविवारी मला न्यायला येणार म्हणून तू फोन केलास, तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर न्हाई. चार ओळी लिहिते अन् उठून फेऱ्या मारते.

या वृद्धाश्रमात आल्ते तेव्हा ज्याचं त्याचं ताट खोलीत यायचं. शेजारच्या खोलीतल्या मारवाडी इचरजबाईनं तर जेवण सोडलंच होतं. एका दुपारी मी माझं ताट घेऊन तिच्याकडं गेले. ती म्हणाली, "बैठ तुळजाबाई, अकेलीला घास उतरत न्हाई." दुसऱ्या दिवशी आम्ही व्हरांड्यात सतरंजी टाकली, अन् बाकीचेही आले. मॅनेजर ओरडले, "खोलीतच जेवायचा नियम हाये!"

इचरजबाई म्हणाली, "मंग तुम्हीपण ताट घेऊन या."

ते हसले, अन् खरंच बसले. आता गुडघे दुखणाऱ्यांसाठी तिथं टेबलं आलीत.

तुझ्या पुण्याच्या घरी तुम्ही दोघं कामावर जायचा अन् मी एकटीच झाकलेलं ताट उघडायचे. हे तुला कसं सांगू? तुला लागंल, म्हणून हे पत्र पेटीत टाकायला हात होत न्हाई.

रविवारी ये बाबा, सूनबाईलाही आण. आमच्यात जेवायला बसा. माझी पिशवी मी भरलेली न्हाई.

तुझी,
आई