दाराकडे तोंड केलेली पावलं

आई, एकटेपणावर औषध म्हणून लेकीने मला क्रूझवर पाठवलं. तिथे म्हणे हीप्स ऑफ पीपल, ढिगाने माणसं भेटतात. भेटले. जहाज म्हणजे तरंगतं मंगल कार्यालय: सकाळपासून पंगत चालू आणि कोण कुणाकडचं, पत्ता नाही. मी एकटी आलेय कळलं की लोक आवाज बारीक करायचे, जणू शेजारच्या खोलीत कुणी आजारी आहे.

ऑकलंडजवळ ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या एका बेटावर आम्हाला उतरवलं. माहितीपत्रकात ‘प्राचीन अवशेष’ होते. प्रत्यक्षात गवतात दगडांच्या रांगा. फोटो झाले, लोक कॉफी शोधू लागले. माझ्याच वयाची माओरी गाइड मात्र सांगत राहिली, की राख पडल्यावर तिच्यावरून माणसं चालली, पोरं, कुत्री. वर पुन्हा राख पडली आणि पावलं तशीच राहिली. मी विचारलं, कुठल्या दिशेने?

कारण मनाने मी तेव्हा लहान होऊन आपल्या स्वयंपाकघरात उकिडवी बसलेय. गौरी यायच्यात. तुझ्यासारखीच मूठ तांदळाच्या पिठात बुडवून मी उमटवतेय, वर बोटांची टिंबं देतेय, पण सगळी पावलं दाराकडे तोंड केलेली. तू म्हणतेस, “शहाणे, तिला आणतेयस की घालवतेयस? अशाने घरातलंच कुणी बाहेर जाईल.” आणि ओलं फडकं फिरवतेस. पुढे मी खरंच बाहेर पडले, इतकी लांब की याच्यापुढे नुसता बर्फ. विमानतळावर तू त्या पावलांवरून टोमणा मारला नाहीस. टोमणा वाया घालवणारी तू नव्हेस, म्हणून तो न मारलेलाच अजून लागतो.

गाइड म्हणाली, “दोन्हीकडे. घर सोडून पळाले, मग परत आले. त्याच राखेत रताळी लावली.”

जॉन्सनव्हिलला घरी पोचल्यावर बॅगही न उघडता पीठ कालवलं. आत सगळं कार्पेट, म्हणून पावलं बाहेरच्या लाकडी पायऱ्यांवर काढली, उंबरठ्याशी थांबली. तोंड आत. गौरींना अजून अवकाश आहे. लेकीला फोटो पाठवला तर तिचा फोन, “सो क्यूट, मम. हू इज कमिंग?”

कुणी नाही, म्हटलं मी.

तू गेल्यापासून पत्र टाकायला पत्ता उरला नाही, म्हणून हे पिठाच्या डब्याखाली ठेवतेय. लेकीशी मी खोटं बोलले. मुठीची पावलं लहान येतात ना, तुझ्या पायाला पुरायची नाहीत. सांभाळून घे.